भालचंद्र साळिंदराच्या पोटातली टिमकी

एका जंगलात, बाळांनो, चामड्याला बंदी होती. चामडं कुठूनही आणलं तरी ते कोणाच्या तरी काकांचं निघायचं, म्हणून. त्यामुळे तिथले ढोल-टिमक्या वाळक्या भोपळ्याच्या असत आणि त्यांच्या तोंडावर केळीची साल ताणून बसवलेली असे. वाजायला मात्र त्या कुणाला हार जात नसत. वाऱ्यानं पान पडलं तरी वाजत. याचा त्रास पुढे एका सज्जन गृहस्थाला झाला.

त्या गृहस्थाचं नाव भालचंद्र साळिंदर. पोट सोडलं तर त्याच्या अंगभर काटे होते. मन मात्र सगळंच पोटासारखं होतं. त्याची बायको शूलिनी बोलायची कमी आणि पाहायची जास्त. त्यांची एकुलती एक मुलगी बोरी. तिचे काटे अजून मऊ होते, प्रश्न तेवढे टोकदार झाले होते.

त्या जंगलात नाताळ नवा होता. शहरातल्या पिंजऱ्यातून सुटून आलेल्या एका पोपटानं तो आणला. लाल कपड्यांतला सांता नावाचा एक म्हातारा येतो आणि शहाण्या मुलांच्या उशाशी भेट ठेवून जातो, एवढंच पोपटाला माहीत होतं. जंगलाला तेवढं पुरलं. पहिल्या वर्षी मुलं आशेनं झोपली, आईबाप निर्धास्त झोपले, आणि सकाळी कोणाच्याच उशाशी काही नव्हतं. त्या दिवशी जंगलात जी रडारड झाली, ती वणव्यातसुद्धा झाली नव्हती.

आता बाळांनो, सांता आहेच. त्याबद्दल मनात शंका आणू नका. पण त्या जंगलाची वाट फार खराब आणि सांताची गाडी बर्फावर चालणारी. म्हणून त्याचं काम तिथले बाप करू लागले. हे मुलांना सांगायचं नाही, असं सगळ्या बापांनी वडाखाली बसून ठरवलं. तुम्हीही कुणाला सांगू नका.

त्या वर्षी बोरीनं सांताकडे टिमकी मागितली. भालचंद्रनं सुतारपक्ष्याला सांगून एक झकास टिमकी करवून घेतली. सुतारपक्ष्यानं तिला गुंजांची लाल माळ गुंडाळून दिली. सगळं यथासांग झालं, आणि मग नदीपलीकडून शूलिनीच्या भावाचा निरोप आला. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी आमच्याकडे या, सुरण यंदा भरपूर झालाय.

शूलिनीला माहेरी जायचं होतं. बोरीलाही मामाकडे जायचं होतं, पण तिला एक काळजी होती. आपण घरी नसलो तर सांताला कसं कळणार? भालचंद्र म्हणाला, त्याला सगळं कळतं. बोरी म्हणाली, मग टिमकी तो तिकडेच आणेल. भालचंद्र म्हणाला, आणेलच. बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आणायची आपल्याला आहे.

टिमकी न्यायची कशी? शूलिनीच्या गाठोड्यात ठेवावी, तर बोरी दर वळणावर खाऊसाठी त्यात तोंड घालणार. पाठीवर घ्यावी, तर काट्यांनी साल फाटणार. शेवटी भालचंद्रनं ती पोटाशी धरली आणि वरून उपरणं घट्ट बांधलं. बोरीनं विचारलं, हे काय? थंडीचे दिवस आहेत, पोटाला गारवा लागू नये म्हणून, असं त्यानं सांगितलं. शूलिनीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुढे चालू लागली.

टेकडी उतरेपर्यंत ठीक चाललं. उतारावर भालचंद्रचा पाय दगडावरून घसरला, दगड उडाला आणि पोटाला लागला.

टिम्.

बोरी थांबली. भालचंद्र खोकला. पण खोकताना पोट हललं आणि पुन्हा टिम् झालं.

"बाबा, तुमचं पोट वाजतंय," बोरी म्हणाली.

भालचंद्रला खोटं बोलायची सवय नव्हती. सवय नसलेला माणूस पहिलं सुचेल ते बोलतो. तो म्हणाला, गॅस झालाय. बोरीनं त्याच्या पोटाकडे नीट पाहिलं. ते फुगलंही होतं. तिचा चेहरा उतरला.

तिथून पुढे तो जपून चालू लागला. पण चार पायांच्या प्राण्यानं कितीही जपलं तरी एखादा गुडघा पोटाला लागतोच. दर टिम्ला बोरी मागे वळून पाही. दुपारी त्यांना भेकरमावशी भेटली. बोरीनं तिला सगळं सांगून टाकलं. भेकरमावशीनं मूठभर रानओवा आणला आणि समोर उभं राहून चावायला लावला. तो इतका तिखट होता की भालचंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मावशी म्हणाली, बघा, लागू पडतोय. पुढे पाणवठ्यावर एका म्हाताऱ्या रानडुकरानं किराइताचा काढा पाजला. त्याच्या मते ओवा म्हणजे शुद्ध अडाणीपणा होता. भालचंद्रनं तोही निमूट घेतला. मुलगी समोर उभी होती आणि घोट मोजून बघत होती.

संध्याकाळच्या आत ते नदीवर पोचले. नदी ओलांडायला कासवं होती. त्यांच्या पाठीवर बसायचं आणि पलीकडे उतरायचं. पूर्वी कुणीही येऊन बसे. पण मागच्या हंगामात एका अस्वलानं माश्यांसकट पोळं सोबत घेतलं आणि नदीच्या मध्यावर जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून काठावर एक मुंगूस बसवलेलं होतं. ते प्रत्येकाचं सामान तपासे आणि कुणाशी हसून बोलत नसे.

मुंगसानं शूलिनीचं गाठोडं उलटंपालटं करून पाहिलं. मग भालचंद्रच्या उपरण्याकडे बोट केलं आणि विचारलं, आत काय आहे?

खरं सांगावं तर बोरी शेजारी. खोटं सांगावं तर मुंगूस उघडून बघणार. त्याच्या वतीनं बोरीच बोलली. म्हणाली, बाबांचं पोट बिघडलंय, ते वाजतं. ओवा घेतला, काढा घेतला, तरी वाजतं.

मुंगसानं पंजानं उपरण्यावर टिचकी मारली. टिम् झालं. मग त्यानं उपरण्याची कड हळूच उचलून आत डोकावलं. आत त्याला गुंजांची लाल माळ दिसली. त्यानं एकदा बोरीकडे पाहिलं, एकदा भालचंद्रच्या घामेजलेल्या तोंडाकडे. मुंगसाच्या बिळातही पोरं होती, आणि त्यांच्यासाठी आणलेला लाकडी नाग त्यानं गेले कित्येक दिवस शेजाऱ्याच्या बिळात लपवलेला होता.

त्यानं उपरणं पुन्हा नीट बांधलं आणि आपल्या सरकारी आवाजात म्हणालं, "पोट गंभीर आहे. यांना हलवू नका. जाऊ द्या."

भालचंद्रला मुंगसाचे पाय धरावेसे वाटले. पण 'गंभीर' हा शब्द बोरीनं ऐकला होता. नदी ओलांडेपर्यंत तिनं खाऊही मागितला नाही.

मामाच्या घरी मोठं स्वागत झालं. मामाचं नाव कंठीराव आणि मामीचं गिरिजा. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून भाचीवर फार जीव. मामीनं करांद्याचे कंद भाजले होते, सुरणाची भाजी केली होती आणि रताळ्याच्या घाऱ्या तळायला घेतल्या होत्या. त्या वासानं भालचंद्रचा प्रवासाचा सगळा शीण गेला. तो पानावर बसणार, इतक्यात बोरी मामीच्या कानाशी लागली. मामीनं घाऱ्यांचं ताट उचललं आणि त्याच्यापुढे पेज ठेवली.

"दाजी, राग मानू नका," मामी म्हणाली. "पण पोटाशी खेळ नको."

दुसऱ्या दिवशीही पेजच होती. कंठीरावानं दाजींना झोपून राहायला लावलं. टिमकी पोटाशी बांधूनच ठेवावी लागत होती, कारण बोरी उशाशी बसून हलत नव्हती. मामाकडे झोके होते, ओढा होता, पण ती कुठे गेली नाही. बापानं कूस बदलली की टिम् होई आणि तिचे डोळे भरून येत.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती एकदाची उठून बाहेर गेली. भालचंद्रला वाटलं, हीच संधी. टिमकी कुठेतरी ठेवावी म्हणून तो मागच्या दारानं अंगणात आला. तिथे फणसाखाली बोरी उभी होती. तिनं मान वर केली होती आणि ती आभाळाशी बोलत होती. तो बुंध्याआड थांबला.

"सांता, मी बोरी," ती म्हणत होती. "आम्ही घरी नाही, मामाकडे आलोय. मला टिमकी नको. बाबांचं पोट बरं कर. दोन्ही जमलं तर दोन्ही कर. नाहीतर पोटच."

भालचंद्रला हुंदका आला. त्यानं तो आवरला, पण पोट आवरलं नाही.

टिम्.

"ऐकलंस ना?" बोरी आभाळाला म्हणाली. "हे असं वाजतं."

भालचंद्र तसाच आत गेला आणि त्यानं शूलिनीला गाठलं. आता आपण पोरीला सगळं सांगून टाकणार, असं तो म्हणाला. सांता नाही, गॅस नाही, काही नाही. नाताळ गेला खड्ड्यात. पोरगी दोन दिवस हसलेली नाही. तिच्यापासून भेट लपवायला गेलो आणि तिचा सणच लपवून बसलो.

शूलिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगा. पण तिनं आत्ता जे मागितलं, ते तिला द्यायचं की नाही?"

भालचंद्रला कळेना. शूलिनीनं समजावलं. टिमकी पोटावरून काढली की पोट वाजायचं आपोआप थांबेल. पोरीनं दोन्ही मागितलंय, दोन्ही तुमच्यापाशी आहे. आज रात्री दोन्ही द्या, आणि खरं सांगायचंच असेल तर उद्या सांगा.

पहाटे भालचंद्रनं उपरणं सोडलं आणि टिमकी बोरीच्या उशाशी ठेवली. त्याचं पोट एकदम हलकं झालं.

सकाळी बोरी उठली. उशाशी काय आहे ते तिनं पाहिलंच नाही. धावत बापाकडे गेली आणि त्याच्या पोटाला कान लावला. काही नाही. तिनं त्याला कूस बदलायला सांगितलं. काही नाही. खोकायला सांगितलं, उडी मारायला सांगितलं. भालचंद्रनं सांगितलं तसं सगळं केलं. पोट गप्प होतं आणि सपाटही झालं होतं. बोरी त्याच्या पोटाला मिठी मारून इतकी रडली की मामा-मामी धावत आले.

मग मामीनं तिला उशाशी ठेवलेली टिमकी दाखवली. बोरीनं डोळे पुसले आणि टिमकीवर हळूच पंजा मारला.

टिम्.

ती थबकली. तिनं पुन्हा मारून पाहिलं. पुन्हा तोच आवाज. तिनं टिमकीकडे पाहिलं, मग बापाच्या पोटाकडे पाहिलं, मग पुन्हा टिमकीकडे. भालचंद्रला वाटलं, संपलं. एका परीनं त्याला बरंही वाटलं.

"बाबा," बोरी म्हणाली, "हीच वाजत होती."

"हो," भालचंद्र म्हणाला.

"तुम्ही गिळली होतीत?"

कंठीराव दाजींकडे बघू लागला. मामीनं तोंडाला पदर लावला. शूलिनी खिडकीतून बाहेर, जिथे काहीच नव्हतं, तिथे एकटक पाहू लागली. भालचंद्रनं मुलीच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे राग नव्हता. तिथे सांता होता, लाल कपड्यांसकट, नुकतंच अवघड काम उरकून गेलेला.

"हो, बाळा," भालचंद्र म्हणाला. "चुकून."

बोरीनं त्याला लगेच माफ केलं. भूक लागली असेल, असं म्हणाली. मग तिनं त्याला हाताला धरून फणसाखाली नेलं, हात जोडायला लावले आणि पोटातून टिमकी काढल्याबद्दल सांताचे आभार मानायला लावले. भालचंद्रनं मनापासून मानले.

आता तरी घाऱ्या मिळतील, या आशेनं तो आत आला. पण मामीचं म्हणणं पडलं की एवढी मोठी वस्तू पोटातून निघाल्यावर पोटाला विश्रांती हवी. तिनं पेज वाढली.

परतीच्या वाटेवर बोरीनं जो भेटेल त्याला ही हकिगत सांगितली. रानडुकराला खात्री होती की टिमकी काढ्यानंच सुटली. भेकरमावशीनं त्याचं श्रेय ओव्याला दिलं. साळिंदरांची खादाडी आपल्याला ठाऊक होतीच, असंही तिनं जाता जाता सांगितलं. जंगलातले इतर बाप मात्र तो दिसला की वाट सोडून उभे राहत आणि मान लववत.

बोरी फार खूश होती. ती टिमकी उठल्याबरोबर वाजवी, जेवताना वाजवी, आणि वाजवता वाजवताच तिला झोप लागे. आठवडा उलटला तेव्हा भालचंद्र कानात बोटं घालून बिळाबाहेर येऊन बसला. खरंच गिळली असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं, खोटं बोलायचं काम आईबाबांवर सोडावं. आणि बाबांनो, स्वतःची टिमकी कधी वाजवू नये. ती पोटाशी बांधली की आपोआप वाजते. मग येऊ न शकलेल्या पाहुण्याचे आभार मानले जातात आणि आणणाऱ्याला काढा मिळतो.