पिंप्राळ्याचा सर्व्हर

फोटो टाकायला परदेशी कंपन्यांच्या दारात कशाला जायचं, असं म्हणून मी पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीसाठी घरच्या घरी स्वतःचा सर्व्हर सुरू केला. जुना कॉम्प्युटर, एक डिस्क आणि माझा आत्मविश्वास! खर्च शून्य, असं बायकोला, म्हणजे ऋतिकाला, छातीठोकपणे सांगितलं.

हा सर्व्हर जगभरातल्या तसल्याच सर्व्हरांना जोडलेला. आमच्यातल्या कुणी बाहेरच्या माणसाला फॉलो केलं, की त्याच्या फोटोंची प्रत आमच्या डिस्कवर येऊन बसायची. कॉलनीने नेमकी मांजरंवाली माणसं फॉलो केली. लग्नघरी पाहुणे उतरावेत तशी जपान-जर्मनीची मांजरं येत राहिली, आणि एकही परत जाईना! डिस्क भरली. दुसरी आणली, तीही भरली. तिसरीसाठी कूलरकरता साठवलेले पैसे मागितले, तेव्हा ऋतिकाने खिडकीबाहेरच्या मे महिन्याकडे नुसतं बोट दाखवलं.

मग मी साफसफाईला बसलो. सगळ्यात जास्त जागा बॅकअपने अडवली होती, म्हणून आधी तो उडवला. नंतर मांजरांचं समजून शेजारचं फोल्डर उडवलं. ते आमच्याच सभासदांचं निघालं.

बाकीच्यांनी शिव्या घातल्या आणि फोटो पुन्हा टाकले. रमजानचाचा मात्र घरी आले. चाचा फर्निचरला पॉलिश करतात. साबेराचाची गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं, भरताची वांगी किडकी आणली म्हणून चाचांना झापतानाचं. मोबाइल भरला म्हणून चाचांनी ते माझ्या सर्व्हरवर ठेवलं आणि मोबाइलमधून पुसलं. तसा सल्ला मीच दिला होता.

मी हरतऱ्हेने शोधलं. मग आठवलं, आपल्याकडे प्रती येतात तशा जातातही. स्वतःचा सर्व्हर चालवणारा फिनलंडचा एक माणूस पॉलिशच्या फोटोंसाठी चाचांना फॉलो करायचा. त्याला लिहिलं. फार नम्र उत्तर आलं. त्यालाही जागा पुरत नाही, त्यामुळे बाहेरून आलेलं सगळं तो अधूनमधून पुसून टाकतो.

चाचांना खुर्चीत बसवून हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं,

“म्हणजे साबेरा फिनलंडपर्यंत जाऊन आली?”

“हो, चाचा.”

“भुसावळच्या पुढं कधी गेली नव्हती ती.”

चहा न घेताच ते उठले. दारात थांबून म्हणाले, “त्या माणसानं ऐकलं तर असेल ना तिला?”

मी हो म्हणालो. त्याला त्यातलं अक्षरही कळलं नसणार, हे काही माझ्याने सांगवलं नाही.