वजन कुठल्या पायावर?

आमच्या जव्हारात भेटलेल्या माणसाला ‘काय, कसं काय?’ असं विचारायची पद्धत आहे. कुंदाताई विचारतात, ‘वजन कुठल्या पायावर?’

भाजी घेताना, बस स्टँडवर, एकदा तर मयताच्या घरी. माणूस गोंधळून आपल्या पायांकडे बघतो. मग ताई समजावतात, की तुम्ही उजव्या पायावर रेललात, म्हणून डावा खांदा वर गेलाय. मी त्यांचा शेजारी. स्टेशनरीच्या दुकानात दिवसभर उभा असतो, त्यामुळे माझी तपासणी रोजची.

ताई शिल्पकार. मुंबईला शिकल्या, मग बरीच वर्षं इटलीत संगमरवर घडवला आणि एक दिवस बॅगा घेऊन परत आल्या. का, ते कुणी विचारलं नाही. घरात एकट्याच. ‘हाडं तिकडची, डोळे इकडचे’ ही त्यांची रीत. अंग अगदी जिवंत माणसाचं, चेहऱ्यावर मात्र आपल्या देवळातल्या मूर्तींचे लांब, अर्धे मिटलेले डोळे. एका मंडळाला त्यांनी गणपती करून दिला, त्याच्या गळ्याची हाडं दिसत होती. मंडळाने विसर्जनापर्यंत त्याला उपरणं गुंडाळून ठेवलं. ताई म्हणाल्या, गारठा असेल.

आमच्या भागात त्यांचं एकही काम चारचौघांत उभं नव्हतं. त्यामुळे सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर नळ आला आणि तिथल्या लोकांनी टाकीशेजारी हंडेवालीचा पुतळा मागितला, तेव्हा ताई मोहरून गेल्या. पाड्यावरची जानकी समोर हंडा घेऊन उभी राहायची. ताई तिला कंबर, गुडघा, टाच असं काय काय सांगत राहायच्या. पुतळा होत आला.

एका दुपारी मी डोकावलो, तर जानकी भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. रिकामा हंडा मांडीत. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. उभ्या पुतळ्यावर ओलं फडकं टाकून त्या नव्या मातीत ही झोपलेली जानकी घडवत होत्या.

जाग आल्यावर जानकीने ती पाहिली आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली. निदान तोंड तरी मिटून दाखवा, म्हणाली.

पाड्यावरची मंडळी टेम्पो घेऊन आली, तेव्हा ताईंनी झोपलेली जानकीच पुढे केली. मंडळी बघतच राहिली. त्यांच्यातले म्हातारे कारभारी हळूच म्हणाले, ‘बाय, ही त झोपलीय. नळापाशी आळशी बाई कशी ठेवावी? ती उभी हाय तीच द्या.’

एरवी ताई एका बरगडीवरून तासभर भांडतात. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, ‘ती पुष्कळ उभी राहिली. आता मी नाही उठवणार.’

टेम्पो रिकामा गेला. पुढे टाकीवर कुणा रंगाऱ्याने हंडेवाली रंगवली. झोपलेली जानकी ताईंच्या पडवीतच राहिली.

मला ते फार लागलं. एका संध्याकाळी त्यांना म्हटलं, उभी देऊन टाकली असतीत तर चार लोकांनी नाव घेतलं असतं. बोलता बोलता माझा आवाज चढला.

ताईंनी पडवीकडे पाहिलं.

‘हळू बोला, भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘घरात कुणी झोपलेलं असलं, की बरं वाटतं.’