सूचीत नसलेली खूण

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काका, नक्की कुठे दुखतंय?’’ भिकाजीकाकांनी उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, खिडकीतून ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ईशान्येला.’’

दवाखाना लालबागमधलाच, पण डॉक्टर नवीन होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांची शेजारीण, त्यातून परळच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे. काका पूर्वेकडे तोंड करून बसलेत हे मी आधीच बघून ठेवलं होतं. ‘‘वाटीच्या पुढे, आतल्या अंगाला,’’ मी म्हटलं. काकांना ते फारसं पटलं नाही. निघताना त्यांनी डॉक्टरांना बजावलं, की पेशंट फिरला तर दुखण्याची दिशाही फिरते, तेवढं कागदावर लिहून ठेवा.

काकांचं गाव नांदखोल. तीन वाड्या, मधून वाहणारा एक व्हाळ, म्हणजे ओढा, वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि खाली भाताचे कोपरे. तिकडे भातशेतीच्या तुकड्याला कोपरा म्हणतात. एसटी दिवसातून दोनदा येते आणि तीही गावात नाही, फाट्यावर. काका पंधराव्या वर्षी गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर प्रभादेवीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात शिपाई झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या ऑफिसात रद्दीत निघालेल्या ड्रॉइंगच्या कागदांच्या पाठी कोऱ्या असायच्या. ते कागद एकमेकांना जोडून काकांनी नांदखोलचा नकाशा केला. तो इतका वाढला, की खोलीची एक भिंत पुरेना आणि गावाचा वरचा भाग भिंतीतल्या कपाटावर गेला. सुमनकाकींना तूरडाळ काढायची असली तर आधी सडा दुमडावा लागतो. एकदा त्या चिडल्या आणि दोन दिवस सडा दुमडलेलाच ठेवला. काका जेवायला बसताना त्यांच्याकडे पाठ करून बसले.

‘‘आधी भूगोल, मगे इतिहास,’’ हे त्यांचं पालुपद. चाळीतल्या एका मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलगा काय करतो हे सगळ्यांनी विचारलं. काकांनी विचारलं, घर व्हाळाच्या अलीकडे की पलीकडे? मुलगा डोंबिवलीचा होता. तिथे व्हाळ नाही असं कळल्यावर त्यांनी त्या स्थळातून लक्षच काढून घेतलं. माझा मुलगा परदेशी नोकरीला लागला, मी पेढे घेऊन गेले, तर ऑफिसचं तोंड कुठल्या दिशेला, हा पहिला प्रश्न. मी फोन करून विचारलं. आता याला काय म्हणावं? मीही त्यांच्यातलीच झाले होते.

इतिहासासाठी वेगळी वही आहे. नांदखोलच्या इतिहासाचे दोनच कालखंड: साकवाच्या आधीचा आणि साकवाच्या नंतरचा. साकव म्हणजे व्हाळावरचा लाकडी पूल. काकांचं लग्न साकवानंतर तिसऱ्या वर्षी झालं. स्वातंत्र्यसुद्धा साकवाच्या आधीचं, त्यामुळे तो काळ जरा अंधाराचा आहे असं त्यांचं मत.

पण खरी गंमत कोपऱ्यांची. प्रत्येक कोपऱ्याला नाव आणि प्रत्येक नावाला कथा. ‘रडको’ नावाच्या कोपऱ्यात बाराही महिने पाणी पाझरतं. ‘दीडपाटी’त दीड पाटी भाताच्या वर कधी पिकलंच नाही. मेर म्हणजे बांध, तेव्हा ‘घोणसमेर’ कशामुळे ते सांगायला नको. काका ही नावं न चुकता सांगतात, शाळेतली मुलं पाढे म्हणतात तशी.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. नकाशावरच्या प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक काळा ठिपका होता. खाली सूची होती: निळी रेघ म्हणजे व्हाळ, त्रिकोण म्हणजे देऊळ, गोल म्हणजे विहीर. ठिपक्याचा मात्र कुठे उल्लेख नाही. सूचीत नसलेली खूण नकाशावर असता कामा नये, याबद्दल मी तीस वर्षं मुलांचा अर्धा-अर्धा मार्क कापला आहे. काकांना टोकलं, की म्हणायचे, ‘‘पेन गळता, बाई.’’ प्रत्येक कोपऱ्यात एकदाच, तेही बरोबर मधोमध गळणारं पेन मी कधी पाहिलं नव्हतं. पण एवढा विचार मी केला नाही. मास्तरकी करणाऱ्या माणसाला चूक दिसली की कारण दिसत नाही.

नांदखोलवाल्यांचं मुंबईत मंडळ आहे. अध्यक्ष नितीन, बँकेत आहे, आणि गावातले बरेचसे चांगले कोपरे त्याच्या घराण्याचे. त्याने ठरवलं, की नकाशाची सुंदर प्रत छापायची, रविवारी दादरच्या हॉलमधल्या संमेलनात सगळ्यांना दाखवायची आणि मग गावच्या शाळेत कायमची लावायची. मूळ नकाशा तिकडे नेण्याजोगा राहिला नव्हता, कसरीने खालची वाडी निम्मी खाल्ली होती. प्रत्येक कोपऱ्यात मालकाचं नाव घाला, असंही नितीनचं म्हणणं होतं. काका जागा नाही म्हणाले. जागा भरपूर होती.

छापण्याचं काम माझ्याकडे आलं. दादरच्या दुकानात कॉम्प्युटरवरच्या बाईंनी विचारलं, मॅडम, हे डाग ठेवायचे की काढायचे? तीस वर्षांची शिक्षिका माझ्या अंगात संचारली. म्हटलं, एकूण एक काढा.

शुक्रवारी मी प्रत घेऊन आले आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या खोलीत पसरली. काकांनी चष्मा लावला. रडकोवरून, दीडपाटीवरून बोट फिरवलं, मग सावकाश सगळ्या गावावरून. ‘‘बरो झालो हा,’’ म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. एकाही दिशेचं नाव काढलं नाही.

सुमनकाकींनी प्रतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गॅलरीकडे तोंड करून म्हणाल्या, ‘‘आता तरी सांगा त्यांका.’’

काका रस्त्याकडे बघतच बोलले. त्यांच्या घरची जमीन नव्हती. राहती झोपडीसुद्धा दुसऱ्याच्या जागेत. आई सगळ्यांच्या कोपऱ्यांत लावणीला जायची. संध्याकाळी पायांचा चिखल धुताना आज कुठला कोपरा झाला ते धाकट्या भिकाजीला सांगायची. नावं पाठ झाली ती अशी.

‘‘माझ्या आवशीचो गावात एकय कोपरो नाय, बाई. पण तिचो हात लागूक नाय असो कोपरोय नाय.’’

मंडळाच्या बैठकीत जो तो आपापल्या कोपऱ्याचं कौतुक सांगायचा. काकांकडे सांगायला एकही नव्हता, म्हणून त्यांनी सगळा गाव काढला. आणि मी त्या बाईला गावातून पुसून आले होते. मला फार लाज वाटली. अर्ध्या मार्कासाठी मी आयुष्यभर जेवढी मुलं रडवली असतील, ती सगळी त्या दिवशी आठवली.

शनिवारी दुपारी आम्ही प्रत जमिनीवर अंथरली. काका खुर्चीत, कारण ईशान्य दुखत होती. ते नाव सांगायचे, मी काळ्या मार्करने ठिपका द्यायचा. सुमनकाकी चहा आणत होत्या आणि माझा कुठला ठिपका बांधावर गेला ते सांगत होत्या. एकदा माझा हात हलला आणि ठिपका देवळाजवळच्या तळीवर पडला. मी हळहळले.

‘‘असू दे,’’ काका म्हणाले, ‘‘थंय ती पाय धुवायची.’’

सगळे कोपरे झाल्यावर मी सूचीकडे वळले. काकांनी लगेच हात आडवा केला. नको, मंडळी विचारतील.

‘‘विचारू देत,’’ मी म्हटलं. ‘‘सूचीत नसलेली खूण मी चालू देत नाही. नाव काय त्यांचं?’’

त्यांनी आडवा केलेला हात काढून घेतला. मग म्हणाले, ‘‘शेवंती.’’ मी लिहायला लागले तर पुन्हा थांबवलं. ‘‘नाव एकटा नको. काम पण लिवा.’’

म्हणून विहिरीच्या गोलाखाली मी लिहिलं: काळा ठिपका – शेवंती, लावणीला.

रविवारी हॉलमध्ये माणसं नकाशाभोवती गोळा झाली. काका इस्त्रीचा सदरा घालून, हातात लाकडी पट्टी घेऊन बाजूला उभे होते. मी उगाचच त्यांच्या शेजारी. नितीनने आपले कोपरे मोजले, फोटो काढले, प्रत्येकात ठिपका दिसला तसा वाकून सूची वाचली. ‘‘काका, ही शेवंती कोण?’’

मला वाटलं, आता आधी भूगोल येणार.

‘‘माझी आवस,’’ काका म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला, दोनचार जण वळले. मग त्यांनी पट्टी उचलली. ‘‘तुझो मोठो कोपरो खंयचो, नितीन? थंयसून सुरू करतंय.’’