दहा मिनिटांच्या आतला न्याय

राज्यघटनेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा मोफत कायदा सल्ला कार्यालयात टायपिस्ट होते. चौथा मजला, लिफ्ट बंद, खोलीत सहा टेबलं आणि पाच खुर्च्या. त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक नागरिकाला घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत कायद्याची मदत मिळालीच पाहिजे. त्यापलीकडून दिलेली मदत ‘दुर्गम’ समजण्यात येईल व ती देणाऱ्याची चौकशी होईल. त्याच्या प्रती मीच काढल्या, म्हणून शब्द अजून पाठ आहेत.

पहिला अर्ज आणला माझ्या धाकट्या नणंदेने. ती शिवणकाम करायची. तळमजल्यावरच्या एका खोलीत ती आणि तिचं मशीन बावीस वर्षं नांदत होती. घरमालकाने तिला महिनाभरात खोली सोडायची नोटीस दिली होती. कारण लिहायची त्याला गरज वाटली नव्हती.

“वहिनी, तुमच्याकडे फुकट वकील मिळतो ना?” तिने घरी येऊन विचारलं होतं.

“मिळतो की. ये उद्याच,” मी म्हटलं.

पहिली लाभार्थी आली म्हणून साहेब उठून उभे राहिले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी तिला दिली. वकिलांनी नोटीस उलटसुलट वाचली.

“ही टिकायची नाही. एका पत्राचं काम आहे. घर किती लांब, बाई?”

“बसने पाऊण तास.”

साहेब मटकन टेकायला गेले, तेव्हा खुर्ची दिल्याचं त्यांना आठवलं. वकिलांनी पेनाला टोपण घातलं.

“म्हणजे दुर्गम. मी पत्र दिलं तर माझीच चौकशी लागेल. तुम्हाला इकडे जवळ राहायला येता येईल का?”

“अहो, राहायचंच तर भांडण आहे.”

“मग आम्ही तुमच्याजवळ येतो,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “लोकांनी का म्हणून कायद्याकडे यायचं? कायद्याने लोकांच्या दारी जायला हवं.”

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेनेही.

नव्या केंद्राच्या जागेसाठी अटी ठरल्या: तळमजला, कोरड्या भिंती, रस्त्याकडे दार आणि महिनाअखेर ताबा. वकील दोन दिवस तिच्या गल्लीत हिंडले. अटींत बसणारी खोली एकच निघाली. मालक मोठा कायदाप्रेमी. म्हणाला, सरकारला नाही कसं म्हणू? तीस तारखेला देतो, तोवर एक बाई आहे तिथे.

ताब्याचा आदेश टायपिंगला माझ्याकडे आला. पत्ता मी ओळखला. पण मिनिटाला पंचेचाळीस शब्दांचा माझा वेग होता आणि त्याचा मला अभिमान होता. चार प्रती निघाल्या, एकही खाडाखोड नाही.

नणंद आदेशाची प्रत घेऊन, धापा टाकत चौथा मजला चढून आली.

“साहेब, ती माझी खोली आहे.”

“म्हणूनच तर,” साहेब प्रेमाने म्हणाले. “तुमचं अंतर आता शून्य मिनिटं. एवढी सुलभता आजवर कुणाच्या वाट्याला आलेली नाही.”

“पण मी राहू कुठे?”

“हा सल्ल्याचा विषय झाला,” वकील म्हणाले. “केंद्र सुरू झालं की पहिल्याच दिवशी विचारा. रांगेत पहिला नंबर तुमचा, मी लिहूनच ठेवतो.”

“आणि तुम्ही शिवता ना?” साहेबांना एकदम सुचलं. “केंद्रात घटनेची प्रत ठेवायची आहे. तिला मखमली गवसणी शिवून द्या. धूळ लागायला नको.”

नणंदेला रिकामं बसवत नसे. तिने टेप काढली आणि पुस्तकाची लांबी, रुंदी, जाडी घेतली. दुरुस्त्या होत असतात असं तिने ऐकलं होतं, म्हणून दोन बोटं सैल धरली. माप घेताना एक पान उघडलं गेलं.

“वहिनी, हे बघा, कायद्यापुढे सगळे सारखे म्हणे. हे आपल्याबद्दल आहे की काय?”

“मापं घ्या, बाई,” वकील म्हणाले. “वाचन उद्घाटनानंतर.”

तीस तारखेला तिने खोली सोडली. मशीन आमच्या गॅलरीत आलं. एक तारखेला उद्घाटन झालं, भाषणं झाली आणि ती अर्ज घेऊन पहिल्या नंबरवर उभी राहिली.

“सध्या राहता कुठे?” वकिलांनी विचारलं.

“वहिनींकडे.”

“इथून किती लांब?”

“बसने पाऊण तास.”

वकिलांना खरंच वाईट वाटलं. “काल इथेच होतात की हो. काल यायचं.”

“काल केंद्र नव्हतं.”

“हो, तेही आहेच,” ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं. पुढे कुणी नव्हतं.

सर्वांत सुलभ केंद्र म्हणून त्या खोलीला बक्षीस मिळालं आणि साहेब बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेले. वकील पुढे न्यायाधीश झाले. त्यांचे निकाल मुद्देसूद असत म्हणतात. घरमालक केंद्राच्या सल्लागार मंडळावर मरेपर्यंत होता. नणंद आमच्या गॅलरीत चौदा वर्षं शिवत बसली आणि गेली. तो आदेश कुणी टाइप केला, हे तिने मला कधी विचारलं नाही. खाली टायपिस्ट म्हणून माझी सही होती.

मी निवृत्त झाले त्या वर्षी केंद्राने अर्जाचा नमुना बदलला. शेवटचं टायपिंग मी त्याचंच केलं. अकरावा प्रश्न असा: ‘आपण वेळीच दाद का मागितली नाही?’ उत्तराला अर्धी ओळ सोडली आहे. हे वाचताना तुमच्याही मनात हाच प्रश्न आला असेल, तर तुम्ही आमच्या कार्यालयात सहज खपला असता. एक खुर्ची तशीही कमी होती. तुम्ही उभ्याने काम केलं असतं.