पाच अँपिअरची परीक्षा

मुख्याध्यापक नबीहसाहेबांनी ऑनलाइन परीक्षेसाठी न्यायाचा नियम काढला होता. पेपर चालू असताना जो बाहेर पडेल त्याला पुन्हा आत घ्यायचं नाही, गुण शून्य. सगळ्यांना सारखंच! लेबनॉनमधल्या त्रिपोलीत सरकारी वीज पाहुण्यासारखी तोंड दाखवून जाते हे काय साहेबांना ठाऊक नव्हतं? पण त्यांच्या मते पेपरमधून जे कोणी जातं ते कॉपी करायलाच जातं.

नववीतली रीम गणिताचा पेपर सोडवत होती. घरात जनरेटरवाल्याकडून घेतलेली जेमतेम पाच अँपिअरची जोडणी, एका वेळी एकच मोठं यंत्र चालेल एवढी. आईने फ्रिज चालू असतानाच पाण्याचा हीटर लावला, खटका पडला, इंटरनेट गेलं आणि रीम पेपरमधून बाहेर! गणितात शून्य म्हणजे वर्ष वाया.

"मिस, आईशप्पथ, कॉपी नव्हते हो करत! आईला आंघोळ करायची होती!" ती फोनवर हुंदके देत होती.

सुलाफा मिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भांडून शिक्षकांची ऑनलाइन सभा बोलवायला लावली.

"उस्ताज, पोरीचा गुन्हा काय? आईची आंघोळ?" तिने मुख्याध्यापकांना तोंडावरच विचारलं.

"आज आंघोळ, उद्या इस्त्री! परीक्षेची काळजी असेल तर घरच्यांना आवरावं माणसाने."

तेवढ्यात साहेबांच्या मागून बायकोचा आवाज आला, "अहो, वॉशिंग मशीन लावू का? गीझर चालू आहे!"

साहेबांनी मागे न बघताच हात हलवला. "लाव, लाव! तर मी काय म्हणत होतो, शिस्त..."

आणि साहेब पडद्यावरून गेले.

मग भूगोलाच्या बाईंनी हळूच विचारलं, "आता?"

"आता मतं घ्यायची," सुलाफा म्हणाली. "बाहेर गेलेल्याला आत घ्यायचं नाही ना?"

रीमची फेरपरीक्षा एकमताने मंजूर झाली. एरवी चहा कुठला मागवायचा यावरसुद्धा या शिक्षकांचं एकमत होत नाही.

साहेबांचा खटका इमारतीच्या तळघरात होता आणि लिफ्ट बंद. सात मजले उतरून, चढून त्यांनी धापा टाकत सुलाफाला फोन लावला.

"मला आत घ्या! अन्याय आहे हा! वीज गेली त्यात माझा काय दोष? बायकोने मशीन लावलं!"

"अगदी बरोबर बोललात, उस्ताज. एवढंच लिहून खाली सही करा. रीमच्या फेरपरीक्षेला कारण काय दाखवावं, यावरच आमचं गाडं अडलं होतं."