परक्याचा ब्रश, घरचे यंत्र

"अख्ख्या शहराच्या नळांची तोंडं एकमेकांना जुळवली मी! आणि हा वीतभर ब्रश मला दाद देणार नाही?"

एवढे बोलून वॉशरसाहेबांनी कानस उचलली. पाणीपुरवठा खात्यातून ते निवृत्त झाले होते, पण खाते काही त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हते. गळका नळ दिसला की वॉशरचे माहात्म्य सांगत सुटायचे, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव बहाल केले होते. साहेबांना तो किताब वाटे.

समोर दिवाणावर निळ्या मखमलीचा पडदा पसरला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो नाट्यशाळेसाठी शिवला होता. आजवर उशांचे अभ्रे आणि शेजाऱ्यांचे झंपर शिवणाऱ्या काकूंचे हे पहिले मोठे काम. संध्याकाळी संचालिकाबाई स्वतः पडदा बघायला येणार होत्या. त्यांच्या पसंतीला उतरला, तर नाट्यशाळेची सगळी शिलाई काकूंकडे येणार होती. पडदा झाला होता झकास, पण शिवताना चिकटलेल्या कापसाने आणि धाग्यांनी तो पिंजाऱ्याच्या दुकानातून उठून आल्यासारखा दिसत होता. मखमलीला मऊ ब्रशच हवा. साहेबांच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा ब्रश मात्र केव्हाच टकला झाला होता.

शेजारच्या सूनबाईकडे नवे यंत्र होते. ती बिचारी म्हणाली, "काका, अख्खं मशीनच घेऊन जा ना!"

"मशीन नको. नुसता ब्रश दे," साहेब म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, ती आपण होऊन देतेय ना?"

"ते मशीन आहे की प्लॅस्टिकचा डबा? आपल्याकडे हत्ती बांधलेला असताना शेजाऱ्याचं शिंगरू कशाला आणायचं?"

हत्ती हे वर्णन खोटे नव्हते. यंत्र लोखंडी होते, ते ढकलायला दोन माणसे लागत आणि सुरू झाले की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघत. मूळ धूळपिशव्या बाजारात मिळेनाशा झाल्यावर साहेबांनी आत आपल्या जुन्या बनियनची पिशवी बसवली होती. बनियनला भोके होती. "हवा खेळती राहते," हे त्यावरचे त्यांचे स्पष्टीकरण.

ब्रशाची मान अर्थातच नळीत जाईना.

"बघ, बघ ही लबाडी! प्रत्येक कंपनीनं आपल्या नळीचं तोंड मुद्दाम वाकडं केलंय. का? तर गिऱ्हाइकानं दुसऱ्याच्या दारात जाऊ नये!"

"आणि तुम्ही तरी दुसऱ्याच्या दारातून मशीन कुठं आणलंत?"

या प्रश्नाला साहेबांनी कानशीच्या खरखराटाने उत्तर दिले. ब्रशाची मान दोन सूत झिजली. मग ती नळीत सैल पडली, म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, त्यावर नळाच्या पाइपाचा तुकडा आणि त्यावर दगडासारखा वाळणारा चिकट लेप चढला. ब्रशाला गलगंड झाला!

"अहो, तो ब्रश परक्याचा आहे!"

"परत देईन तेव्हा पहिल्यापेक्षा मजबूत असेल."

आता चाचणी. सांधा जोडला की त्यात पाणी भरायचे आणि गळती बघायची, हा खात्याचा शिरस्ता. साहेबांनी न्हाणीघरात नळीचे एक तोंड वर धरून तिच्यात तांब्याने पाणी ओतले आणि ब्रशाच्या बाजूने हाताने दाबून धरले.

"ये, बघ! थेंब नाही!"

"धूळ ओढायच्या नळीत पाणी?" काकू किंचाळल्या.

"चाचणीशिवाय जोडणी म्हणजे लाचारी!"

पाणी त्यांनी ओतून टाकले. नळीच्या शेकडो घड्यांत जे राहिले, ते राहिले.

यंत्राला दोन तोंडे होती. पुढच्या तोंडाचा नळी अडकवायचा खटका कधीचा मोडला होता. मागचे तोंड मात्र गोल, गुळगुळीत, आणि नळी त्यात अशी बसली की साहेबांना गहिवरून आले. उभी हयात त्यांनी सांधे पाहिले होते, आणि सांधा गळत नसेल तर आतला प्रवाह कोणीकडे चालला आहे याची चौकशी करण्याची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. पुढचे तोंड ओढते आणि मागचे फुंकते, हा तपशील त्यांनी क्षुल्लक मानला.

"आता मखमलीवर हात फिरवल्यासारखं होईल बघ," असे म्हणून त्यांनी यंत्राचे बटण दाबले.

हत्ती गरजला. क्षणभर काहीच झाले नाही. मग बनियनच्या भोकांतून कित्येक वर्षांची धूळ निघाली, नळीतल्या पाण्याला भेटली, आणि ब्रशातून काळसर चिखलाची पिचकारी थेट पडद्याच्या मध्यावर बसली!

"बंद करा! अहो, बंद करा!"

साहेबांनी गडबडीत ब्रश उलटा केला. दुसरी पिचकारी त्यांच्या चष्म्यावर बसली. बरबटलेल्या चष्म्यातून बटण दिसेना, तोवर तिसरी झालरीवर गेली. अखेर काकूंनी भिंतीतली वायर उपटली.

काकू पडद्याकडे बघत खाली बसल्या. त्या रडल्या असत्या, तर साहेबांना बरे वाटले असते.

"सांध्यातून मात्र एक थेंबही..." साहेबांनी सुरुवात केली.

"एक अक्षर बोलू नका!"

पंखे लावले, इस्त्रीची वाफ दिली. चिखल हळूहळू वाळला आणि भुकटी होऊन सुटू लागला. आता फक्त मऊ ब्रश आणि ओढणारे यंत्र हवे होते. साहेब मान खाली घालून शेजारी गेले आणि मघाचे ते शिंगरू उचलून घेऊन आले. मागोमाग सूनबाईही आली. हातोडीने लेप फोडला, ट्यूब सोलून काढली. सूनबाईने ब्रश आपल्या नळीला लावला. तो खाली पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"काका, आमचा ब्रश आमच्याच मशीनला बसत नाहीये!"

"दोन सूत झिजलाय ना," साहेब पुटपुटले.

"म्हणजे आता याला परत जोड लागणार?"

काकू उठल्या. त्यांनी साहेबांना मनगटाला धरून गुडघ्यांवर बसवले, त्यांच्या दोन्ही मुठी ब्रशाच्या मानेभोवती आवळल्या आणि यंत्र सुरू केले.

संचालिकाबाई आल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक पडदा पुन्हा निळा झाला होता. त्यांनी झालर बोटांत धरून पाहिली, शिवणीवरून नख फिरवले. "हात सफाईदार आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "उद्या कपड्यांची मापं घ्यायला या." मग त्यांची नजर जमिनीवर रांगत ब्रशामागोमाग सरकणाऱ्या, चष्म्यावर चिखल वाळलेल्या गृहस्थांवर पडली. "आणि हे कोण? मदतनीस का?"

"छे हो," यंत्र न थांबवता काकू म्हणाल्या. "अडॅप्टर आहे. जुना आहे, पण घट्ट धरून ठेवला की चालतो."

साहेबांनी निषेधासाठी तोंड उघडले.

"बोलू नका," काकू म्हणाल्या, "हलतं!"