गुन्वोरबाईंची दलदल

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे लेफ्तेरिसला नुसतं तोंडाकडे बघून कळायचं! निदान तो तरी सगळ्यांना तसं छातीठोकपणे सांगायचा. थेसालोनिकीतला हा माणूस नॉर्वेच्या पार उत्तरेला, वेस्टरोलन बेटांवरच्या एका मासळीच्या कारखान्यात बर्फाची यंत्रं सांभाळायला आला, त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत मित्र मिळाले दोन. पहिली दाइवा, लिथुआनियाची, गावच्या पोस्टात काम करणारी. ती चौघांच्या वाटचं एकटी बोलायची. दुसरा हाल्वार, इथलाच, कारखान्यात वीस वर्षं मुरलेला. तो दिवसाला चार शब्द बोलायचा, आणि त्यातला एक 'हं' असायचा.

दर रविवारी हे तिघं डोंगर चढायचे. माथ्यावर पोचलं की हाल्वार खाली बोट दाखवून "समुद्र" म्हणायचा. झालं, त्या दिवसाचं भाषण संपलं!

असा हा हाल्वार ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी यंत्रघरात आला, दार लावलं आणि म्हणाला, "शनिवारी ये. फिरायला."

"शनिवारी? आपण रविवारी जातो ना?"

"शनिवारी. पहाटे पाचला."

"दाइवाला सांगतो."

"नको!" हाल्वार दचकलाच. "ती पोस्टात आहे."

"मग?"

"कोणालाच सांगू नकोस. फोन घरी ठेव. आणि बादली आण."

एका दमात इतके शब्द हाल्वारच्या तोंडून लेफ्तेरिसने कधी ऐकले नव्हते. यात काहीतरी काळंबेरं आहे हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं! कारण मागच्याच आठवड्यात विभागप्रमुखाची जागा लेफ्तेरिसला मिळाली होती, आणि ती हक्काने हाल्वारची होती असं कारखान्यातला प्रत्येक जण कॉफी पिताना म्हणत होता. हाल्वार स्वतः काहीच म्हणाला नव्हता. आता कळलं का म्हणाला नव्हता!

तरी लेफ्तेरिस काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. स्वतःचा फोन त्याने इमानदारीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पण कारखान्याचा जुना, बटणांचा फोन उजव्या उंच रबरी बुटात सरकवला. निघण्यापूर्वी त्यावरून दाइवाला एक निरोप धाडला: 'हाल्वारबरोबर चाललोय. ठिकाण गुप्त आहे. हा फोन माझ्याजवळ आहे. संध्याकाळी सहापर्यंत आलो नाही तर पोलिसांना सांग. माझ्या आईला मात्र इतक्यात कळवू नकोस.'

पहाटे गाडीचं दार उघडलं तर मागच्या सीटवर हाल्वारची आई! गुन्वोरबाई, वय वर्षं एकोणऐंशी, डोक्यावर माशांच्या बोटीवरची टोपी, मांडीवर दोन बादल्या.

"हाच का तो ग्रीक?" त्यांनी लेकाला विचारलं.

"हं."

"पाय लांब आहेत. बरं झालं."

पाय लांब असल्याने यांचं काय बरं होणार होतं? लेफ्तेरिसने पाय आखडून घेतले.

गाडी निघाली आणि चर्चवरून गेली. थोड्या वेळाने परत त्याच चर्चवरून गेली! गुन्वोरबाई मागच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या.

"मागे हिरवी गाडी आहे."

"ती आपल्या शाळेच्या बाईंची," हाल्वार म्हणाला.

"म्हणून तर! वळव!"

गाडी वळली, बोटी ठेवायच्या एका छपराखाली शिरली आणि थांबली. हिरवी गाडी निघून गेली. मग हाल्वारने गाडीवर ताडपत्री टाकली, वर जुनी जाळी पसरली. एवढं करून झाल्यावर तिघं चालायला लागले, तेही वाटेने नाही, ओढ्याच्या पाण्यातून!

"वाट तिकडे आहे ना?" लेफ्तेरिस म्हणाला.

"वाटेवर ठसे राहतात," गुन्वोरबाई म्हणाल्या.

लेफ्तेरिसला दरदरून घाम फुटला. घाम फुटला की त्याची जीभ सुटायची. त्याने बढतीबद्दल बोलायला सुरुवात केली. ही जागा मी मागितली नव्हती, साहेबांनीच गळ्यात घातली, तुझी इच्छा असेल तर सोमवारी राजीनामा देतो, माझ्या आईला मी एकटाच आहे! हाल्वार पुढे बघून चालत होता. तीन तासांनी टेकडीपलीकडे दलदल लागली.

"जपून," गुन्वोरबाई म्हणाल्या. "इथे आत गेलेला वर येत नाही. आमची गाय गेली होती. शिंगसुद्धा मिळालं नाही."

"बाई, मी सगळं सांगतो, तुम्ही फक्त..."

"किती बोलतो हा! हाल्वार, बंद कर रे याचं तोंड!"

हाल्वारने पिशवीत हात घातला आणि सुरा काढला.

"नको! हाल्वार, नको!" लेफ्तेरिस किंचाळला, मागे उडी मारली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला!

हाल्वार सुरा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पिशवीतून तपकिरी चीजचा गठ्ठा काढला, एक जाड काप कापला, पोळीत गुंडाळला आणि पुढे केला.

"खा. नाश्ता."

चीज खाताखाता लेफ्तेरिसने मान वर केली आणि त्याचा घास तोंडातच राहिला. समोरची सगळी दलदल नारिंगी झाली होती! मुल्ते! या भागातली माणसं ज्या रानफळासाठी सख्ख्या भावाशी खोटं बोलतात ती मुल्ते, सोन्याच्या मण्यांसारखी, नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेली.

आणि मग हाल्वारने आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं.

"आईच्या आजोबांनी शोधलेली जागा. घराबाहेरचा माणूस इथे कधी आला नाही. तू पहिला. मला ती बढती नको होती, मीच साहेबांना तुझं नाव सुचवलं. अभिनंदन." आणि शेवटी म्हणाला, "हं."

लेफ्तेरिसच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा देवमाणसावर आपण संशय घेतला! त्याने हाल्वारला मिठी मारली. हाल्वारने ती खांबासारखं उभं राहून सोसली. तेवढ्यात लेफ्तेरिसला बुटातला फोन आठवला. दाइवाला घाईने निरोप द्यायला हवा! त्याने आडोशाला जाऊन बूट काढला. फोनातून काळं पाणी ठिबकत होतं. मेलेला!

'जाऊ दे,' त्याने मनाला समजावलं. 'सहाला अजून पुष्कळ वेळ आहे. चारपर्यंत घरी जाऊ.'

मान खाली घालून तो मुल्ते तोडायला लागला. पहिली बादली अर्धी भरली असेल नसेल, कुत्रा भुंकला.

गुन्वोरबाई ताठ झाल्या. टेकडीवर एक लाल जाकीट दिसलं. मग दुसरं. मग चौदा! गावचं शोधपथक, दोन पोलीस, कारखान्याचे साहेब, शाळेच्या बाई, पाद्रीबाबा, आणि सगळ्यांच्या पुढे केस विस्कटलेली दाइवा! वर हेलिकॉप्टर घरघरत होतं.

झालं होतं असं. चालताना बुटात कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि फोन दाइवाला लागला. गाय, शिंग, तोंड बंद कर, नको हाल्वार नको, आणि मग 'बुळूक'! एवढं सगळं तिने पोस्टाच्या खिडकीत, लोकांची रांग लागलेली असताना ऐकलं. आणि फोनचं शेवटचं ठिकाण पोलिसांना बरोबर कळलं. सरळ वाटेने तिथे यायला अर्धा तासच लागत होता!

"जिवंत आहेस!" दाइवा लेफ्तेरिसच्या गळ्यात पडून रडायला लागली.

पण तिच्याशिवाय त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बाकी सगळी माणसं दलदलीकडे बघत होती. पाद्रीबाबांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली. लेफ्तेरिसला वाटलं, देवाचे आभार मानायला. पाद्रीबाबा वाकले आणि टोपी भरायला लागले!

मग कोणी हेल्मेट काढलं, कोणी स्ट्रेचर उलगडलं. हेलिकॉप्टर बिनकामाचं आणखी दोन फेऱ्या मारून गेलं. गुन्वोरबाई एका दगडावर बसल्या आणि शंभर वर्षं जपलेलं गुपित स्ट्रेचरवरून खाली जाताना बघत राहिल्या.

हाल्वार परतीच्या वाटेवर बोलला नाही. त्यानंतर वर्षभर बोलला नाही. तो तसाही बोलायचा नाही, पण आता 'हं'सुद्धा बंद झालं. रविवारच्या डोंगरावर लेफ्तेरिस आणि दाइवा दोघंच जायचे. "समुद्र" म्हणायला कोणी नसायचं. लेफ्तेरिसला त्या चार शब्दांची इतकी आठवण यायची की शेवटी त्याने दारात जाऊन माफी मागितली. हाल्वारने त्याला बराच वेळ पावसात उभं केलं आणि मग म्हणाला, "रविवारी. आठ वाजता." लेफ्तेरिस घरापर्यंत शीळ घालत गेला!

त्याच आठवड्यातल्या शनिवारी, ऐन मुल्त्यांच्या हंगामात, त्याच्या दारावर टकटक झाली. गुन्वोरबाई! हातात दोन बादल्या.

"चल."

"कुठे? ती जागा तर आता अख्ख्या गावाला..."

"ती? ती लहान. गाव तिथे गुंतलंय ते बरंच आहे. मोठी जागा वेगळीच आहे."

लेफ्तेरिसने आ वासला. "हाल्वारला ठाऊक आहे?"

"छे! पोटचा असला म्हणून काय झालं? फार बडबड्या आहे तो." बाईंनी एक बादली त्याच्या हातात कोंबली. "मला आता एकटीला ओझं झेपत नाही. तुझ्यावर कोणाला संशय यायचा नाही. आणि तुला एकट्याला सोडलं तर ती जागा पुन्हा काही सापडायची नाही. बूट काढून दाखव आधी!"

सोमवारी यंत्रघरात हाल्वार लेफ्तेरिसच्या मानेकडे बघत उभा राहिला. मानेवर डास चावल्याच्या बावीस गांधी होत्या.

"शनिवारी कुठे होतास?"

"घरी," लेफ्तेरिस डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. "कपडे धूत होतो."

"हं."

विषय संपला असं लेफ्तेरिसला वाटलं. पण त्या आठवड्यात तो पाव आणायला निघो नाहीतर केस कापायला, दर वेळी हाल्वार कुत्रा फिरवत मागून येताना दिसायचा.

हाल्वारकडे कुत्रा नव्हता. शोधपथकाकडून उसना आणला होता!